आठवीतल्या हुशार मुलीसाठी काय करावं?

प्रश्न : मुलगी रिसोड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आठवीत आहे. गणित-विज्ञानाची आवड आहे; महागडे क्लास परवडत नाहीत. काय करावं?

उत्तर : यंदा ‘एनएमएमएस’ या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म मुख्याध्यापकांकडून नक्की भरून घ्या. बौद्धिक आणि शालेय क्षमतेचे प्रत्येकी 90 प्रश्न असतात. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. कौटुंबिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं.

नववीत इस्रोच्या ‘युविका’ या उन्हाळी शिबिराला अर्ज करा. खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण, विज्ञान प्रदर्शनातला सहभाग आणि ग्रामीण शाळा यांना महत्त्व असतं.

प्रदर्शनासाठी घरीच एक प्रयोग करता येईल. मे महिन्याच्या उत्तरार्धात तुमच्या वाशीम जिल्ह्यात शून्य सावलीचा दिवस येतो; त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ काठीची सावली दिसेनाशी होते. अंगणात सरळ काठी रोवून तिला रोज दुपारची सावली मोजू द्या. त्या नोंदींतूनच प्रदर्शनाचा उत्तम प्रकल्प उभा राहील.