दोन चेतापेशी, एक ठेका

जोडलेल्या चेतापेशी एका ठेक्यात कशा येतात हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, एक्सेल पुरतं. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या जाड चेतातंतूवरून मांडलेलं गणित चार चलांचं होतं. रिचर्ड फिट्झह्यू यांनी १९६१ मध्ये ते दोन चलांवर आणलं. आपण तेच घेऊ: 'व' म्हणजे पेशीचा विद्युतदाब आणि 'प' म्हणजे तिला हळूहळू पूर्वपदावर आणणारी क्रिया.

पाच रकाने आखा: काळ, व१, प१, व२, प२. पहिल्या ओळीत ०, १, ०, −१, १ भरा. बाजूला दोन सेल ठेवा, करंट क = ०.५ आणि जोड ज = ०. सूत्रात त्यांना डॉलरची खूण लावायला विसरू नका. काळ दर ओळीला ०.१ ने वाढवा आणि दुसऱ्या ओळीत लिहा:

नवा व१ = व१ + ०.१ × (व१ − व१³ ÷ ३ − प१ + क + ज × (व२ − व१))

नवा प१ = प१ + ०.००८ × (व१ + ०.७ − ०.८ × प१)

दुसऱ्या पेशीसाठी १ आणि २ यांची अदलाबदल करा. उजवीकडचा प्रत्येक आकडा वरच्याच ओळीतला हवा. बहुतेक घोळ इथेच होतात. मग ३००० ओळींपर्यंत सूत्रं खाली ओढा. काळाची पायरी ०.१ ऐवजी १ घ्यायचा मोह नको, आलेख दातेरी होऊन निरर्थक ठरतो.

व१ आणि व२ यांचा आलेख काढा. सात-आठ ठोके दिसतील, दोन्ही पेशींची लय एकच, पण वेळ निरनिराळी. ते अंतर कितीही वेळ गेला तरी मिटत नाही.

आता ज = ०.६ करा. दोन-तीन ठोक्यांतच रेषा एकमेकींवर बसतात. डोळ्यांवर विसंबू नका. व१ − व२ चा सहावा रकाना करून तो शून्याकडे जातोय का ते पाहा. पेशींमधला फरक स्वतःहून वाढतो तो जास्तीत जास्त १ या दराने. जोड त्याला २ज या दराने आवळते, कारण दोघीही सरकतात. म्हणून ज ०.५ च्या वर गेला की सुरुवात कुठूनही करा, मेळ बसणारच. त्याखाली अशी हमी नाही. तिथे सुरुवातीचे आकडे बदलून बघण्यात खरी गंमत आहे.

खऱ्या पेशी कधीच जुळ्या नसतात. म्हणून शेवटी दुसरीचा करंट ०.४ करा, जोड ०.६ च राहू द्या. फरक आता शून्य होत नाही. जास्त करंटवाली किंचित पुढे राहते, दुसरी ठराविक अंतराने तिच्यामागे, पण ठोके दोघींचे तितकेच.