धडा गाळू नकोस

चि. ताई,

परवा कापसाचा भाव बघायला आदिलाबादच्या मार्केटात गेलो होतो. तिथं जैनदचे पाव्हणे भेटले. त्यांचा मुलगा तू शिकवतेस त्याच वर्गात, दहावीला. तो घरी सांगतो म्हणे, मॅडमनी इंग्रजीतले गोष्टीचे धडे गाळले, गाइडमधले निबंध फळ्यावर लिहून देतात आणि तेच पाठ करून घेतात. मी त्यांना काही बोललो नाही, पण तेव्हापासून जिवाला चैन नाही.

खरं आहे का हे? वामन होवाळांचा बयाजीसुद्धा गाळलास? अगं, आपल्या मराठीतली कथा तेलंगणाच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे. मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेला दलित माणूस गावात माडीचं घर बांधू म्हणतो, गावातल्या सवर्ण भुजाबाला ते खुपतं, बयाजी नमतं घेतो, तरी घर पेटतं, बयाजी जातो आणि त्याची पोरं पुन्हा पाया खणायला घेतात. हे कळायला आपल्याकडच्या लेकरांना शब्दकोश लागत नाही.

पोरांना स्वतःचं मत मांडता येत नाही, अशी तक्रार दिवाळीत तूच करत होतीस. मत येणार कुठून? गाइडातल्या पाणी वाचवा, झाडे लावा यावर उलट कोण बोलणार? त्यापेक्षा एवढंच विचार, घर कुणी पेटवलं? सगळे ओरडतील, भुजाबानं. मग म्हण, पुस्तकात कुठं लिहिलंय ते दाखव. बघ कशी पानं उलटतात. एक जण भुजाबाचं बोलणं काढून दाखवेल, दुसरा म्हणेल, बोलला म्हणजे पेटवलं असं होत नाही. भांडू दे त्यांना, तेलुगूत, मराठीत, गोंडीत. मग इंग्रजीत लिहायला लाव: माझं म्हणणं काय, ते गोष्टीत कुठं दिसतं, समोरचा काय म्हणेल आणि त्याला माझं उत्तर काय. दुसऱ्या दिवशी विचार, गावापुढं बयाजीनं नमतं घेतलं ते बरोबर का चूक? व्याकरण चुकलं तर चुकू दे. निबंध यातूनच येतो, गाइडातून नाही. म्हणून म्हणतो, धडा गाळू नकोस.

आम्हाला शाळेत एकही गोष्ट कुणी पुरी वाचून दाखवली नाही. प्रश्नोत्तरं घोकली, पास झालो. पुढं तुझ्या आजोबांच्या शेताचं प्रकरण झालं ते तुला माहीत आहेच. कचेरीत कागद माझ्या हातात होते, म्हणणं खरं होतं, पण समोरच्यानं दोन उलटे प्रश्न टाकले आणि माझी वाचाच बसली. बाबा बाकड्यावर बसून माझ्या तोंडाकडं बघत होते. ते अजून सलतं. तुझ्या पोरांवर ती वेळ नको, एवढ्यासाठी तुझ्यामागं लागलोय.

रागावू नकोस. निकालाचा ताण तुझ्यावर किती आहे हे मला कळतं. 2022 साली सरकारी शाळांत आठवीपर्यंत इंग्रजी माध्यम सुरू झालं, घरी मात्र कुणाची मराठी, कुणाची गोंडी, कुणाची लंबाडी. मारलवाईला 1940च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फसाहेबांनी गोंड लेकरांची शाळा सुरू केली, तेव्हा पहिली पुस्तकं त्यांच्याच गोंडीत, देवनागरी लिपीत केली होती. लेकरू आपल्या बोलीत मोकळं झालं की दुसरी भाषा धरतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तूही बेल्याच्या मराठी शाळेतूनच पुढं गेलीस. चौथीत असताना ओट्यावर बसून माझ्याशी वाद घालायचीस, हरायला लागलीस की रडायचीस, पण मुद्दा सोडत नव्हतीस. तीच तू वर्गात हवी आहेस.

डबा वेळेवर खात जा. आवाज बसलाय असं तुझी आई म्हणाली, गरम पाणी पीत जा. येत्या रविवारी ये, मामी वाट बघतेय. येताना ते पुस्तक आण आणि बयाजीचा धडा मला पहिल्यापासून वाचून दाखव. माझ्या चष्म्यातून आता बारीक अक्षर दिसत नाही.

तुझा,
मामा