दशाश्वमेध घाटाचे दहा यज्ञ : पुरावा आणि श्रद्धा

काशीयात्रेला गेलेला मराठी माणूस दशाश्वमेध घाटावर संध्याकाळची गंगा आरती पाहिल्याशिवाय परतत नाही. घाटाचे नाव असे का, हे नावाड्याला विचारा किंवा छत्रीखाली बसलेल्या पंड्याला विचारा, उत्तर एकच मिळते : येथे ब्रह्मदेवांनी दहा अश्वमेध यज्ञ केले. आपण हात जोडतो. आणि बरोबर आलेला, कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा पुतण्या हळूच विचारतो, "पण याला पुरावा काय?"

अशा वेळी आपल्याकडून बहुधा दोनच उत्तरे निघतात. एक तर "देवाधर्माच्या बाबतीत असे प्रश्न विचारायचे नसतात," नाहीतर "हे सगळे आता सिद्ध झाले आहे." पहिल्या उत्तराने मुलगा गप्प बसतो, पण त्याचा प्रश्न तसाच राहतो. दुसऱ्या उत्तराने तो तेवढ्यापुरता मान डोलावतो. पुढे कधीतरी तो स्वतः शोध घेतो, तसे काही सिद्ध झालेले नाही हे त्याला कळते, आणि मग आपण सांगितलेल्या इतर गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. म्हणून साधकाने हा विषय टाळू नये. घाटाचेच उदाहरण घेऊन तो नीट समजून घेऊ.

कथा काय सांगते

ही कथा स्कंदपुराणातील काशीखंडात आहे. काशीचा राजा दिवोदास धर्माने राज्य करीत होता, पण देवांनी काशीत राहायचे नाही अशी त्याची अट होती. शिवांनाही मंदर पर्वतावर जावे लागले. काशीच्या विरहाने व्याकूळ झालेल्या शिवांनी राजाचा एखादा दोष शोधण्यासाठी एकेकाला पाठवले. योगिनी गेल्या, सूर्य गेले, मग ब्रह्मदेव गेले. ब्रह्मदेवांनी वृद्ध ब्राह्मणाच्या रूपात राजाकडे दहा अश्वमेधांची सामग्री मागितली. एवढ्या मोठ्या मागणीत राजा कुठेतरी चुकेल, असा हेतू होता. राजा चुकला नाही. यज्ञ यथासांग पार पडले, आणि दोष शोधायला आलेले ब्रह्मदेव काशीतच राहिले.

कथेचा गाभा पाहिलात? परीक्षा घ्यायला आलेलाच रमला. यज्ञांची संख्या खरी की खोटी या वादात हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

ताम्रपट काय सांगतो

आता पुराव्याकडे वळू. तो सापडला आपल्या विदर्भात. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक नावाचे गाव आहे. तेथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. तो इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहे. दानपत्राच्या आरंभी राजा आपल्या पूर्वजांची नावे सांगतो. त्यांत पहिल्या रुद्रसेनाचा आजोबा, म्हणजे आईचा पिता, भवनाग याचा उल्लेख येतो. भवनाग भारशिव कुळाचा होता. या कुळातले राजे खांद्यावर शिवलिंग वाहत, त्यांनी पराक्रमाने मिळवलेल्या भागीरथीच्या जलाने राज्याभिषेक करून घेतला, आणि दहा अश्वमेध करून अवभृथ स्नान केले, असे त्या लेखात म्हटले आहे.

दहा अश्वमेध आणि गंगा! इतिहासकार काशीप्रसाद जयस्वाल यांनी हा धागा पकडला आणि भारशिवांच्या या यज्ञांचीच आठवण दशाश्वमेध घाटाच्या नावात राहिली असावी, असे मत मांडले. आजही अनेक पुस्तकांत ते उद्धृत होते.

येथे थोडे थांबा, कारण उत्साहात घोटाळा होतो तो नेमका याच ठिकाणी. ताम्रपटात भागीरथी आहे, पण काशीचे नाव नाही. घाटाचे तर नाहीच. गंगा शेकडो कोस वाहते, यज्ञ तिच्या काठी कुठेही झाले असतील. शिवाय लेख राजाच्या नातलगांची स्तुती करणारा आहे, आणि तो त्या यज्ञांनंतर बऱ्याच काळाने कोरलेला आहे. जयस्वालांचे मत हा विचार करण्याजोगा तर्क आहे. तो निर्णय नाही. ज्याला ब्रह्मदेवांची कथा खोटी ठरवायची आहे, त्याला यातून खात्रीचे हत्यार मिळत नाही. ज्याला ती 'सिद्ध' करायची आहे, त्यालाही प्रमाणपत्र मिळत नाही.

राजा दिवोदासाचेही असेच आहे. ऋग्वेदात एक दिवोदास आहे. सुश्रुतसंहितेत शल्यविद्या शिकवणारा काशीराज दिवोदास धन्वंतरी आहे. आणि काशीखंडात हा आपला दिवोदास. तिघे एकच की वेगळे, हे केवळ नाव सारखे आहे म्हणून ठरवता येत नाही. आपल्याकडे व्याख्यानांत मात्र ते सर्रास एक करून टाकतात!

पुरावा कुठपर्यंत जातो

घाटापासून सारनाथ दहा किलोमीटरच्या आसपास आहे. भगवान बुद्धांच्या ऐतिहासिकतेबद्दल अभ्यासकांत फारशी शंका नाही. लुंबिनीला अशोकाचा स्तंभ आहे, आणि बुद्ध येथे जन्मले असे त्यावर स्पष्ट कोरलेले आहे. तरीही त्यांच्या निर्वाणाच्या सालाबद्दल विद्वानांत अनेक दशकांचे मतभेद आहेत. आणि समजा, साल उद्या अगदी निश्चित झाले. बोधिवृक्षाखाली त्यांना जे उमगले ते खरे होते का, हे तो शिलास्तंभ कसे सांगणार? त्यासाठी त्यांनी दाखवलेल्या वाटेने स्वतः चालून पाहावे लागते. दगडावर कोरलेला पुरावा आपल्याला जन्मस्थानापर्यंत नेतो आणि तेथे थांबतो.

स्वामी विवेकानंदांनी गीतेवर बोलताना हे प्रश्न उघडपणे घेतले होते. श्रीकृष्ण झाले का, कुरुक्षेत्राचे युद्ध घडले का, गीता महाभारतात मागाहून आली का, असे सगळे प्रश्न. असा शोध घेण्याला त्यांचा विरोध नव्हता, उलट तो उपयोगीच आहे असे ते मानत. मात्र गीतेची शिकवण या उत्तरांवर अवलंबून नाही, हेही ते सांगत. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'बहिरंगपरीक्षण' असे स्वतंत्र परिशिष्टच जोडले आणि काळ, पाठ, कर्तृत्व यांची तपासणी वेगळी ठेवली. टिळक श्रीकृष्णांना इतिहासातील पुरुष मानत. महात्मा गांधींना कुरुक्षेत्र हे माणसाच्या अंतःकरणातील युद्ध वाटे. इतिहासाबाबत दोघांची उत्तरे इतकी वेगळी, आणि दोघांनीही तुरुंगात याच ग्रंथाचा आधार घेतला.

नाथांचा दाखला

या विषयात मला सर्वांत जवळचे वाटतात ते पैठणचे एकनाथ महाराज. दशाश्वमेधाहून प्रवाहाच्या दिशेने थोडेच पुढे मणिकर्णिका घाट आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील नाथांची मराठी टीका काशीत पूर्ण झाली. शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३. हे आपण कशावरून म्हणतो? नाथांनी स्वतः ग्रंथाच्या शेवटी स्थळ आणि काळ नोंदवून ठेवला आहे म्हणून. लेखकाची स्वतःची नोंद, हा भक्कम पुरावा झाला.

काशीच्या पंडितांनी मराठी ग्रंथ म्हणून विरोध केला, तो गंगेत टाकला आणि गंगामाईने तो वर उचलून दिला, ही कथाही आपण ऐकलेली असते. ती संतचरित्रांच्या परंपरेतून आली आहे. महिपतीबुवांसारखे चरित्रकार नाथांच्या नंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहीत होते. म्हणजे एकाच ग्रंथाविषयीच्या या दोन गोष्टींचे वजन वेगवेगळे आहे. कीर्तनात दोन्ही सांगाव्यात. पण मुलाने विचारले तर पहिली नोंद आहे आणि दुसरी कथा आहे, एवढे सांगायला कचरू नये. लोकभाषेत ज्ञान आणणाऱ्या माणसाला काय सोसावे लागले आणि लोकांनी त्याला कुठे नेऊन बसवले, हे ती कथा सांगतेच.

याच नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. हाताने नकला होत गेल्यामुळे पाठ बिघडले होते, मधे कोणाच्याही ओव्या घुसल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, अशुद्ध ते काढले आणि पुढे कोणी आपली भर घालू नये असे बजावले. ज्ञानदेवांवर त्यांची श्रद्धा किती होती हे सांगायला नको. पण 'माउलींच्या नावाने आले ते सगळे माउलींचेच' असे त्यांनी मानले नाही. जे प्रिय होते ते त्यांनी अधिक बारकाईने तपासले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने ज्ञानदेव एक नव्हे, दोन झाले असा वाद उभा केला. वारकरी मंडळींनी त्याला लेखणीने उत्तर दिले, वाद बराच गाजला, आणि आषाढीसाठी आळंदीहून पालखी निघण्याची परंपरा पुढेही चालू राहिली.

पुढच्या अभ्यासवर्गासाठी एक काम घ्या. तुमच्या घरात किंवा गावात देवस्थानाची, संताची, यात्रेची जी कथा सांगतात ती एका कागदावर लिहा. तिच्यातले काय कोणी त्याच काळी लिहून वा कोरून ठेवले आहे, काय मागाहून सांगितले गेले, आणि काय जोडून घेतलेला तर्क आहे, यावर खुणा करा. मग कागद बाजूला ठेवून घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा, या कथेने तुम्हाला कधी आधार दिला का? बोलणे चालू असताना मुलांनाही जवळ बसवा.