प्रकल्प मुलाचा, मदत घरच्यांची



प्रकल्प जमा करायच्या आदल्या रात्री बऱ्याच घरांत धांदल उडते. आई चार्ट पेपर कापते, बाबा दुकानातून तयार चित्रे आणतात, ताई सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिते. आणि ज्याचा प्रकल्प, तो झोपी गेलेला असतो. सकाळी वर्गात आम्ही विचारतो, "हे कसे केलेस?" मूल खाली बघते.

यात चूक केवळ पालकांची नाही. चकचकीत प्रकल्पाला जास्त गुण आम्ही शिक्षकांनीच दिले. त्यातून मूल एवढेच शिकते की, आपल्या हातचे काम दाखवण्याजोगे नसते. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून हा लेख.

प्रकल्प पद्धती तशी जुनीच आहे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली तिच्यावर लेख लिहिला. मुलाने मनापासून हाती घेतलेले काम हा तिचा गाभा. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी शिंपले, बिया, खडे अशा भोवतालच्या वस्तूंतून शिकण्याची साधने केली. खर्च कमी, मुलांचा सहभाग जास्त.

आपल्या इंदूरचेच उदाहरण घेऊ. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ साली आपले शहर देशात पहिले आले आणि पुढेही अनेक वर्षे सलग पहिले राहिले. कचरा गाडीचे गाणे मुलांना पाठ असते. मग तिसरी-चौथीसाठी प्रकल्प असा होऊ शकतो: "आमच्या घरचा ओला कचरा किती आणि तो जातो कुठे?"

१) मोजणी : सात दिवस, रोज ठरलेल्या वेळी ओल्या कचऱ्याच्या पिशवीचे वजन करून वहीत लिहावे. वजनकाटा नसल्यास एकाच डब्याने मापावे. नंतर हात साबणाने धुवावेत.

२) विचारपूस : गाडीवरच्या काकांना दोन प्रश्न विचारावेत. आजी-आजोबांना विचारावे, "तुमच्या लहानपणी भाजीची देठे, साली कुठे टाकत?" उत्तरात गोठा येईल, उकिरडा येईल, शेणखत येईल. हिंदी-इंग्रजीच्या रगाड्यात मागे पडलेले मराठी शब्दही मुलांना मिळतील.

३) गणित : देवगुराडिया येथील बायो-सीएनजी संयंत्राचे लोकार्पण फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले. तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची होती. समजा, एका घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो. तर ५५० टनांसाठी किती घरे लागतील? उत्तर ११ लाख. एवढा मोठा आकडा मुलांना आपल्या घरच्या पिशवीवरून समजू लागतो.

४) मांडणी : सात दिवसांचा स्तंभालेख मुलानेच काढावा. थर्माकोल नको, सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जुन्या वह्यांचे पुठ्ठे पुरेत.

पालकांनी काय करावे? रोज पंधरा मिनिटे जवळ बसावे. मूल अडले तर आधी "तुला काय वाटते?" असे विचारावे. सुरी, गॅस आणि रस्त्यावरची ये-जा मात्र मोठ्यांनी सांभाळावी. वाकडे अक्षर तसेच राहू द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : एखाद्या दिवशी वजन करायचे राहिले, तर आकडा मनाने भरू नये. तेथे "मोजले नाही" असे लिहावे. खरे लिहिण्याची सवय येथूनच लागते.

आम्हीही आमची पद्धत बदलू. गुण देताना सजावटीपेक्षा रोजची वही पाहू आणि मुलाशी पाच मिनिटे बोलू. विश्वस्त मंडळाला विनंती की, प्रदर्शनात "सर्वांत सुंदर प्रकल्प" या बक्षिसाऐवजी "सर्वांत चांगला प्रश्न" असे बक्षीस ठेवावे आणि प्रत्येक प्राथमिक वर्गाला एक वजनकाटा द्यावा.

बालमित्रांनो, तुमची रेघ वाकडी आली तरी चालेल. पण ती तुम्ही ओढलेली हवी. मग कोणी विचारले, "हे कसे केलेस?" तर मान वर करून सांगता येईल.