कान फसवतो तेव्हा

नाते गावाहून महाड-पोलादपूरमार्गे एस.टी.ने महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात कित्येकांना मळमळते. समोरची बाके डोळ्यांना स्थिर दिसतात. कान मात्र ‘आपण वळत आहोत’ असे सांगतो. या दोन साक्षींत मेळ बसत नाही. पण वळणाशी कानाचा काय संबंध?

आपल्या आंतरकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की नलिकाही वळते. पण आतला द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो आणि तेथील सूक्ष्म केस वाकतात. त्यावरून मेंदूला वळण कळते. मात्र एकाच वेगाने वळत राहिल्यास काही सेकंदांत द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो, केस सरळ होतात आणि वळणे थांबल्याचा भास होतो. अगदी सावकाश वळण तर कानाला कळतच नाही. दिवसा ही चूक डोळे सुधारतात. अंधारात क्षितिजच दिसले नाही तर?

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईला निघाले. दोन मिनिटांच्या आतच ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. आतील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. समुद्रातून काढलेल्या नोंदयंत्रांवरून उलगडा झाला. उजवीकडे वळून विमान पुन्हा समतल झाले होते. पण कप्तानापुढील कलदर्शक बिघडल्याने ते विमान उजवीकडेच कललेले दाखवीत राहिला. म्हणून कप्तानाने विमान डावीकडे झुकवले आणि झुकवतच नेले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. डोळ्यांना आधार नव्हता आणि कानावर विसंबता येत नव्हते. सहवैमानिकापुढे दुसरा कलदर्शक होता, तिसरा राखीव होता. तिन्ही ताडून पाहायला हाती उरले होते ते मोजके क्षण.

अशा तपासात अभियंत्यांबरोबर डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञही असतात. वैमानिकाची झोप पुरी झाली होती का? त्याच्या रक्तात मद्य, औषध वा कार्बन मोनॉक्साइड होता का? उपकरणे नीट वाचता येतील अशी मांडली होती का? सहकारी वेळीच बोलले का? ‘वैमानिकाची चूक’ एवढे लिहून तपास संपत नाही. ती चूक का घडली हे समजले, तरच पुढच्या वैमानिकाला वाचवता येते. बंगळूर येथील हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत वैमानिकांना असे भास जमिनीवरच अनुभवायला देतात आणि अशा वेळी उपकरणे ताडून त्यांवर विश्वास ठेवायला शिकवतात.

प्रयोग : फिरत्या खुर्चीवर मित्राला डोळे मिटून बसवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली खुर्ची एकाच वेगाने सावकाश अर्धा मिनिट फिरवा आणि थांबवा. आपण कोणत्या दिशेने फिरत आहोत, हे त्याला सतत बोटाने दाखवायला सांगा. खुर्ची थांबल्यावर त्याचे बोट कोणती दिशा दाखवते? कारण वहीत लिहा.