गाळ्यापुढची शेड: चौकोनी पाइप निवडण्यापासून उभा करेपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मे महिना लागला की गाळ्यापुढे पत्र्याची शेड टाकायची घाई सुरू होते. १९६२ साली एमआयडीसीचा कारभार सुरू झाला तो याच वसाहतीत. इथे फॅब्रिकेटर हाकेच्या अंतरावर मिळतो आणि बरेच जण सगळं त्याच्यावर सोपवून मोकळे होतात. तसं करू नका. पाइपची ताकद त्याच्या भिंतीत असते आणि ती भिंत तुम्हाला स्वतः मोजता येते.

आधी परवानगी काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मापं लिहून घ्या. इथे मी दहा फूट उंचीची, दहा बाय वीस फुटांची, मागून गाळ्याच्या भिंतीला बांधलेली शेड धरली आहे. चहूबाजूंनी मोकळी शेड किंवा पोटमाळा असेल तर ही मापं चालणार नाहीत.

खांब अँगलचा की पाइपचा? ५० बाय ५० बाय ६ मिमीचा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो. तेवढ्याच बाहेरच्या मापाचा, २.९ मिमी जाडीचा चौकोनी पाइप साधारण ४.१ किलो. खांब दाबाखाली बाजूला लचकतो तेव्हा लोखंड मध्यापासून किती लांब आहे ते महत्त्वाचं ठरतं. इंजिनिअर त्याला रेडियस ऑफ जायरेशन म्हणतात. अँगलच्या कमजोर दिशेला ते जेमतेम ९.६ मिमी, पाइपला दोन्ही दिशांना १९. आयएस ८०० नुसार खांबाची लांबी या आकड्याच्या १८० पटींच्या आत हवी. तीन मीटरला ९.६ ने भागलं तर ३१२ येतात, १९ ने भागलं तर १५८. अँगल इथेच बाद.

दुकानात आयएस ४९२३ चा पाइप मागा. गोल हवा असेल तर आयएस ११६१. पाण्याचा पाइप खांब म्हणून घेऊ नका. आता खरी तपासणी. २ मिमीचा आणि २.९ मिमीचा पाइप बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. कापलेल्या टोकाची धार कानशीने घासून काढा, व्हर्नियर सपाट बाजूच्या मधोमध लावा. कोपऱ्यावर किंवा आतल्या शिवणीच्या वळावर लावलात तर आकडा फुगलेला येईल. चारही बाजू मोजा. मग सहा मीटरची एक लांबी काट्यावर ठेवा: २.९ चा पाइप पंचवीस किलोच्या आसपास भरतो, २ चा अठराच्या. बिल वजनावरच करून घ्या.

पायाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, कारण शेड हलकी असते. पण धोका शेड खाली बसण्याचा नसून वर उडण्याचा आहे. मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास जातो, आणि पत्रा असतो पाचेक किलोचा. म्हणजे आपल्या शेडवर वाऱ्याची ओढ दोन टनांपर्यंत जाऊ शकते. म्हणून खांबाखालची बेस प्लेट फरशीवर नुसती ठोकू नका. काँक्रीटचा ठोकळा आणि अँकर बोल्ट इंजिनिअरने सांगितलेल्या मापाचेच घाला.

पाइप काटकोनात कापा, सांध्यात फट ठेवू नका. पातळ भिंतीला २.५ मिमीचा रॉड पुरतो; जाड रॉडने भोक पडतं. आधी चारही कोपऱ्यांना टाके मारा, ओळंबा आणि दोन्ही कर्ण तपासा, मगच समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने वेल्ड करा. जीआय पाइप असेल तर सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढा आणि वेल्डिंग उघड्यावरच करा, त्याचा धूर विषारी असतो.

पाइपची उघडी टोकं प्लेट लावून सलग वेल्डने बंद करा. पाणी आत शिरलं तर गंज आतून लागतो आणि बाहेरचा रंग तसाच चकाकत राहतो. सांधे घासून त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा, वर रंगाचे दोन हात द्या. पत्र्याचे स्क्रू रबरी वॉशरशिवाय मारू देऊ नका.

दर पावसाळ्यानंतर खांबाच्या बुडाचा वीतभर भाग हातोडीने ठोकून पाहा. पोपडा निघाला किंवा आवाज बद्द आला, तर वरून रंग मारू नका. छपराला टेकू देऊन तेवढा तुकडा कापा आणि त्याच जाडीचा नवा जोडून घ्या.