दिसते तसे नसते : बंद खाणींचा धडा

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी दिल्लीला घरी गेलो होतो. बाबांची बदली सध्या तिकडे आहे. पुण्याहून मावसभाऊही आला होता. एका रविवारी बाबा आम्हांला असोला-भाटी अभयारण्यात घेऊन गेले. तिथली ‘नीली झील’ पाहून आम्ही खूश झालो. बाहेर कडक ऊन आणि समोर निळेशार पाणी! भाऊ म्हणाला, ‘‘तू शाळेत पोहायला शिकलास ना? मग मार उडी.’’ मी बुटाची नाडी सोडायला वाकलोसुद्धा.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘उडी मारशील, पण बाहेर कुठून येशील?’’ मी चहूकडे पाहिले. सगळीकडे दगडाच्या उभ्या भिंती. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी नाडी पुन्हा बांधली.

हा तलाव नैसर्गिक नाही, ती जुनी खाण आहे. अरवलीच्या या टेकड्यांतून ‘बदरपूर’ नावाची जाड वाळू निघे आणि ती दिल्लीच्या इमारतींना लागे. भाटीतील खाणकाम १९९० च्या सुमारास थांबले आणि १९९१ मध्ये हा भाग अभयारण्यात आला. शेजारच्या हरियाणातील अरवलीत सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये खाणकामावर बंदी घातली. खाणी बंद झाल्या, पण खड्डे राहिले आणि त्यांत पाणी साचले. फरिदाबादजवळच्या अशा खड्ड्यांत पोहायला उतरून अनेक तरुण बुडाले आहेत.

पोहता येत असूनही माणूस का बुडतो? नदीला उतार असतो, खाणीला नसतो. काठापासून एका पावलावर खोल पाणी असते. वरचा थर उन्हाने कोमट, तर खाली गारठा असतो. अचानक गार पाणी लागले की श्वास आपोआप आत ओढला जातो आणि नाकातोंडात पाणी जाते. काठाचे दगड सैल असल्याने हाताला आधार मिळत नाही.

जमिनीखालच्या बंद खाणी तर याहून घातक. आधाराची लाकडे कुजतात आणि छत कोसळते. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंद बोगद्यात तो कमी होत जातो. १० टक्क्यांखाली गेला की माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. म्हणूनच आत पडलेल्या मित्राला वाचवायला धावलेला दुसराही तिथेच पडतो.

जुन्या खाणीतले पाणी शेजारच्या चालू खाणीलाही सोडत नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत जुन्या कामातील साठलेले पाणी फुटून आत शिरले आणि साडेतीनशेहून अधिक कामगार गेले.

पण दुसरेही उदाहरण आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी भरले. अभियंता जसवंतसिंग गिल यांनी जमिनीत भोक पाडून घेतले, माणूस मावेल अशी पोलादी कुपी बनवून घेतली आणि स्वतः तिच्यातून खाली उतरले. ६५ कामगार एकेक करून वर आले. गिल सर्वांत शेवटी आले.

मला वाटते, धाडस ते हेच. गिल यांनी खाली उतरण्याआधी वर येण्याची वाट तयार केली होती. मी मात्र नुसती नाडी सोडली होती.

परतताना बाबांनी भाटीतली झाडे दाखवली. प्रादेशिक सेनेच्या इको टास्क फोर्सचे जवान २००० सालापासून या उजाड खाणींवर झाडे लावत आहेत.

मित्रांनो, सुट्टीत अशी बंद खाण दिसली, तर काठापासून लांब राहा. कोणी आत पडलेच, तर मागोमाग उडी मारू नका. दोर किंवा लांब काठी टाका, मोठ्यांना बोलवा आणि ११२ ला फोन करा. आणि कोणी ‘मार उडी’ म्हणाले, तर बाबांचा तो प्रश्न आधी स्वतःला विचारा.